नॉरफोकचे सालगडी आणि 630 मतं

[दृश्य: काळीभोर सपाट जमीन. क्षितिजापर्यंत बीटच्या ओळी.]

शुगरबीटचं जुनं बियाणं म्हणजे एक गुंताच. एक बी टाकलं की तीन-चार रोपं एकमेकांना खेटून उगवायची. त्यातलं एक ठेवून बाकीची काढली नाहीत, तर एकही कंद धड पोसायचा नाही. म्हणून मे-जून आला की इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक परगण्यात लांब दांड्याची खुरपी घेतलेली माणसं शेतात उतरायची. दोन पावलं, एक झटका, नको ती रोपं बाजूला. पुन्हा दोन पावलं. अख्ख्या शेताची विरळणी अशी हातांनी चालायची.

मग 1960 नंतर एका बीतून एकच अंकुर फुटणारं बियाणं पसरलं. जोडीला तणनाशकं आली, नेमक्या अंतरावर बी टाकणारी यंत्रं आली, कंद उपटणारी यंत्रंही आली. विरळणीचं काम संपलं आणि ते करणारे हातही शेतातून उठले. त्या हातांना मतं होती. ती मतं कुणाची, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

ही गोष्ट साऊथ वेस्ट नॉरफोक या मतदारसंघाची.

[दृश्य: नकाशा. डाउनहॅम मार्केट, स्वॉफहॅम, थेटफर्ड.]

बाजारपेठेची तीन गावं आणि मध्ये शेतंच शेतं. पश्चिमेला दलदल उपसून काढलेली काळी जमीन, पूर्वेला रेताड माळ आणि पाइनचं जंगल. डाउनहॅम मार्केटच्या दक्षिणेला विसिंग्टन इथे साखर कारखाना आहे, 1925 साली सुरू झालेला, बीटपासून साखर करणारा ब्रिटनमधला सर्वांत मोठा. शरद ऋतूत हंगाम सुरू झाला की रस्त्यांवर बीटच्या गाड्यांची रांग लागते. सांगली-कोल्हापूरच्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल. फक्त चेअरमनकीतून आमदारकी, हा रस्ता इथे नाही. कारखाना कंपनीचा, शेतकरी नुसता माल घालणारा. इथलं राजकारण कारखान्याच्या गेटवर नाही, शेताच्या बांधावर घडलं. एका बाजूला जमीनदार आणि मोठा शेतकरी, दुसऱ्या बाजूला सालगडी.

[दृश्य: थेटफर्ड. किंग स्ट्रीटवरचा सोनेरी पुतळा.]

हा थॉमस पेन. जन्म 1737, याच गावात. अमेरिकन आणि फ्रेंच अशा दोन्ही क्रांत्यांत ज्याचा हात होता, तो बंडखोर लेखक. इंग्लंडमधली निवडणूक म्हणजे निव्वळ फार्स आहे, ओसाड टेकड्यांनाही खासदार मिळतात, असं तो सुनावत असे. त्याचं बालपण तसल्याच एका गावात गेलं होतं. थेटफर्डमधून संसदेत दोन खासदार जायचे आणि ते निवडायचे नगरपालिकेतले जेमतेम तीसएक लोक. शेजारच्या यूस्टन वाड्यातले ड्यूक ऑफ ग्राफ्टन सांगतील त्याला हे तीस जण मत द्यायचे. 1832 च्या निवडणूक-सुधारणेत मतदार थोडे वाढले, पण थेटफर्डच्या दोन जागा तगल्या. शेवटी 1868 साली थेटफर्डच्या जागा काढून घेतल्या गेल्या, कारण स्कॉटलंडला जास्त जागा द्यायच्या होत्या.

शेतमजुराला तेव्हा मत नव्हतंच. ते मिळालं 1884 च्या कायद्याने. तोवर 1872 पासून मतदानही गुप्त झालं होतं आणि हे फार मोलाचं होतं. कारण मजूर राहायचा मालकाने दिलेल्या घरात. काम गेलं की छप्पर गेलं. मत उघड द्यायची वेळ आली असती, तर किती जणांनी मालकाच्या विरोधात हात वर केला असता?

1885 साली नवे एक-सदस्यीय मतदारसंघ आखले गेले. नॉरफोकच्या वायव्य मतदारसंघातून जोसेफ आर्च निवडून आला. कुंपणाच्या झाडांची छाटणी करत मोठा झालेला हा माणूस शेतमजुरांच्या संघटनेचा नेता होता. मजा अशी, की युवराजांचा सँड्रिंगहॅमचा वाडा याच मतदारसंघात. राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलाचा खासदार एक शेतमजूर!

दक्षिणेकडे, म्हणजे आपल्या मतदारसंघात, मात्र पहिली निवडणूक वाडेवाल्यांनीच जिंकली. हुजूर पक्षाचे विल्यम टिसन-ॲमहर्स्ट हे इथले पहिले खासदार. त्यांनी संसदेत काय केलं ते आज कुणाला आठवत नाही. पण त्यांच्या डिडलिंग्टनच्या वाड्यात इजिप्तच्या पुरातन वस्तूंचा मोठा संग्रह होता. स्वॉफहॅममध्ये वाढलेला एक चित्रकाराचा मुलगा तो पाहायला यायचा. त्याचं नाव हॉवर्ड कार्टर. पुढे 1922 साली तुतनखामेनची कबर त्यानेच शोधली. मतदारसंघाच्या इतिहासाशी याचा काही संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

1906 मध्ये वारं फिरलं. उदारमतवादी पक्षाचे रिचर्ड विनफ्री जिंकले. स्वतः वृत्तपत्रांचे मालक, पण ध्यास एकच : मजुराला कसायला चार एकर मिळाले पाहिजेत. ते 1923 पर्यंत टिकले.

[दृश्य: गावातलं छोटं मेथडिस्ट प्रार्थनाघर. विटांच्या भिंती.]

जवळपास त्याच सुमारास नॉरफोकमध्ये शेतमजुरांची संघटना नव्याने उभी राहत होती. ती उभी करणारा जॉर्ज एडवर्ड्स. लहानपणी सहाव्या वर्षी शेतात पाखरं हाकलायला उभा राहिलेला. लग्न होईपर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं, ते बायकोने शिकवलं. प्रार्थनाघरात तो प्रवचनं द्यायला लागला, आणि प्रवचनाची सवय झालेल्या जिभेला सभा गाजवायला वेळ लागत नाही. 1920 च्या पोटनिवडणुकीत हा माणूस शेजारच्या साऊथ नॉरफोकमधून मजूर पक्षाचा खासदार झाला. 1923 च्या वसंतात नॉरफोकच्या शेतमजुरांनी मजुरीकपातीविरुद्ध संप केला. या सगळ्याची फळं साऊथ वेस्टमध्ये 1929 साली दिसली. मजूर पक्षाचे डब्ल्यू. बी. टेलर निवडून आले. दोनच वर्षांत पडले, ती गोष्ट वेगळी.

आपल्याकडे एक समजूत आहे, की ब्रिटनचा मजूर पक्ष म्हणजे कोळशाच्या खाणी, गिरण्या आणि धुराडी. नॉरफोकमध्ये धुराडं शोधूनही सापडत नव्हतं. इथला मजूर पक्ष पायात चिखलाचे बूट घालून आला होता.

[दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. सायकलवरून मतदानाला निघालेली माणसं.]

आता आकड्यांकडे या. खरी गंमत इथेच आहे.

1935 साली हुजूर पक्षाचे सॉमरसेट द चेअर अवघ्या चोविसाव्या वर्षी इथून खासदार झाले. 1945 मध्ये ते पडले. किती मतांनी? 53. जिंकले मजूर पक्षाचे सिडनी डाय. 1951 मध्ये डाय पडले, 1955 मध्ये पुन्हा आले, दोन्ही वेळा फरक शेकड्यांतलाच. 1958 च्या अखेरीस डाय यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. पोटनिवडणुकीत शेतमजूर संघटनेचे नेते ॲल्बर्ट हिल्टन निवडून आले. त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कसेबसे तगले, मताधिक्य शंभराच्या आत. एखाद-दोन वाड्यांतली माणसं पावसामुळे मतदानाला बाहेर पडली नसती, तर खासदार बदलला असता.

आणि मग 1964. तेरा वर्षांनी मजूर पक्षाने देश जिंकला. हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान झाले. सगळीकडे हुजूर पक्षाचे बुरूज ढासळत असताना साऊथ वेस्ट नॉरफोकने उलटा कौल दिला. हिल्टन 123 मतांनी पडले. डाउनहॅम मार्केटमध्ये जनावरांचे लिलाव करणारे पॉल हॉकिन्स जिंकले. थेटफर्डमध्ये थॉमस पेनचा तो सोनेरी पुतळा उभा राहिला, तेही याच वर्षी.

विल्सन यांच्या लाटेत ही जागा का गेली, याचं उत्तर माझ्या मते त्या बियाण्यात आणि ट्रॅक्टरमध्ये आहे. दहा जणांचं काम दोघं करू लागले. मजुरांची पोरं गाव सोडून शहराकडे गेली. संघटनेची सभासदसंख्या आटली, प्रार्थनाघरं ओस पडली. मजुरांच्या रिकाम्या झोपड्या रंगरंगोटी करून निवृत्तांनी विकत घेतल्या. मतदाराने पक्ष बदलला, असं म्हणण्यापेक्षा मतदारच बदलला, असं म्हणणं जास्त बरोबर. थेटफर्ड तेवढं वेगळ्या वाटेने गेलं. लंडनची गर्दी पांगवण्याच्या योजनेत तिथे घरं आणि कारखाने आले, पाचेक हजारांचं गाव काही पटींनी वाढलं. पण ते एकटं आसपासच्या शेकडो चौरस मैलांना पुरून उरणारं नव्हतं.

हॉकिन्स तेवीस वर्षं खासदार राहिले. त्यांच्यानंतर 1987 पासून गिलियन शेफर्ड, याच परगण्यातल्या, पुढे कृषी आणि शिक्षणमंत्री झालेल्या. 1997 च्या टोनी ब्लेअर लाटेत त्यांचं मताधिक्य अडीच हजारांपर्यंत घसरलं, पण जागा राहिली. 2005 ते 2010 क्रिस्टोफर फ्रेझर. ती पाच वर्षं सोडून देऊ.

[दृश्य: स्वॉफहॅमचा बाजारचौक. नोव्हेंबरची संध्याकाळ.]

2009 च्या शरदात हुजूर पक्षाने उमेदवारी दिली चौतिशीतल्या लिझ ट्रस यांना. बाहेरच्या, लंडनच्या मर्जीतल्या. निवडीनंतर काही दिवसांत स्थानिक पदाधिकाऱ्यांना कळलं, की एका खासदाराबरोबरच्या ट्रस यांच्या जुन्या प्रेमप्रकरणाबद्दल आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. भडका उडाला. पुढाकार घेतला सर जेरेमी बॅग यांनी. बॅग म्हणजे स्ट्रॅडसेटचं जुनं जमीनदार घराणं, एकोणिसाव्या शतकात याच भागाची खासदारकी केलेलं. लंडनच्या वर्तमानपत्रांनी या नाराज मंडळींचं नाव ठेवलं ‘टर्निप तालिबान’. शेतात शलगम पिकवणारे कर्मठ, असा टोमणा. स्वॉफहॅमच्या सभेत मतदान झालं, 132 विरुद्ध 37. ट्रस राहिल्या.

पुढचा आलेख नुसता वर. 2010 मध्ये तेरा हजारांचं मताधिक्य, 2019 मध्ये 26,195. शंभरातली 69 मतं एकट्या ट्रस यांना. ब्रेक्झिटच्या सार्वमतात त्या स्वतः युरोपात राहण्याच्या बाजूने होत्या आणि त्यांचा मतदारसंघ भरभरून बाहेर पडण्याच्या बाजूने, तरीही काही बिघडलं नाही. अशा जागेला लोक ‘सुरक्षित’ म्हणतात. 53 आणि 123 चे आकडे तोवर कुणाच्या ध्यानीमनीही राहिले नव्हते.

2022 च्या सप्टेंबरमध्ये ट्रस पंतप्रधान झाल्या. करकपातीचा तो अर्थसंकल्प, पौंडाची घसरण, गृहकर्जाचे वाढलेले हप्ते, आणि 49 दिवसांत गच्छंती. हे सगळं जगाने पाहिलं. साऊथ वेस्ट नॉरफोकला उत्तर द्यायला 2024 च्या जुलैपर्यंत थांबावं लागलं.

[दृश्य: किंग्ज लिन, मतमोजणी केंद्र. 5 जुलै 2024, सकाळ.]

उमेदवार मंचावर उभे आहेत, निकालाचा कागद तयार आहे. ट्रस यांचा पत्ता नाही. जमलेले लोक संथ टाळ्या वाजवायला लागतात. ही दाद नव्हे, ही टोचणी. ट्रस येतात. आकडे वाचले जातात.

टेरी जर्मी, मजूर पक्ष, 11,847. लिझ ट्रस, 11,217. फरक 630.

भाषण न करताच ट्रस निघून गेल्या. माजी पंतप्रधानाने स्वतःची जागा गमावण्याची ही 1935 मधल्या रॅम्से मॅकडोनाल्ड यांच्यानंतरची पहिलीच वेळ.

जर्मी मूळचे थेटफर्डचे, तिथले माजी नगराध्यक्ष. साठ वर्षांनी मजूर पक्ष परतला, अशा बातम्या झळकल्या. पण जरा हिशेब मांडून बघा. 2017 मध्ये मजूर पक्षाच्या उमेदवाराला इथे 14,582 मतं पडली होती आणि तो अठरा हजारांनी पडला होता. 2024 मध्ये त्याहून अडीच हजारांवर मतं कमी, आणि तरी विजय. मजूर पक्ष वाढला नव्हता, समोरचा डोंगर खचला होता. पाच वर्षांत ट्रस यांची 24,290 मतं गेली. त्यातली बरीचशी हुजूर पक्षाच्याही उजवीकडच्या रिफॉर्म पक्षाकडे वळली असणार, त्यांना 9,958 मतं मिळाली. आणि 6,282 मतं घेतली एका अपक्षाने. त्याचं नाव जेम्स बॅग. हो, तेच स्ट्रॅडसेटचं घराणं. पंधरा वर्षांपूर्वी स्वॉफहॅमच्या सभेत हरलेल्या नाराजीने 630 च्या फरकाच्या निवडणुकीत सहा हजारांवर मतं खाल्ली. भाऊबंदकीत मुरलेल्या मराठी प्रेक्षकाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

[दृश्य: थेटफर्ड. पोर्तुगीज पाटी असलेलं दुकान.]

शेतातली आणि कारखान्यातली हातांची कामं पूर्ण संपली, असं मात्र नाही. भाज्यांची तोडणी, कोंबड्यांचे प्रक्रिया कारखाने, पॅकिंग ही कामं आहेतच. नव्वदच्या दशकाअखेरीपासून ती करायला पोर्तुगालहून माणसं आली, नंतर लिथुआनिया, पोलंडहून. थेटफर्डच्या बाजारात पोर्तुगीज सहज कानावर पडते. पण यातल्या ज्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलेलं नाही, त्यांना संसदेच्या निवडणुकीत मत नाही. तिथे मत आहे ब्रिटिश, आयरिश आणि राष्ट्रकुलातल्या नागरिकांना. म्हणजे वीस वर्षं इथे राबलेल्या पोर्तुगीज बाईला नाही, पण गेल्या वर्षी कामाच्या व्हिसावर येऊन नाव नोंदवलेल्या नाशिकच्या नर्सला आहे. 1884 पूर्वीचा सालगडी आणि आजचा पॅकिंग कामगार यांची स्थिती या एका बाबतीत सारखीच.

जर्मी यांना शंभरातली सत्तावीसही मतं मिळालेली नाहीत. निवडून येऊन चार महिने होत नाहीत तोच त्यांच्याच सरकारने शेतजमिनीवरच्या वारसा करात बदल जाहीर केले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये देशभरातले शेतकरी लंडनच्या रस्त्यावर उतरले. तिसऱ्या क्रमांकावरचा रिफॉर्म पक्ष जर्मींपेक्षा फक्त 1,889 मतांनी मागे होता.