सत्तेला सत्तेचाच अडसर

मित्रहो,

अमेरिकेच्या राज्यघटनेवर बोलताना १७८७ साल, फिलाडेल्फिया, जॉर्ज वॉशिंग्टन या क्रमाने जायची पद्धत आहे. मी आज सुरुवात १९५२ पासून करणार आहे. त्या वर्षीच्या एका खटल्यात या घटनेचे जवळजवळ सगळे सांधे एकदम उघडे झालेले दिसतात.

कोरियात युद्ध चालू होतं. अमेरिकी सैनिक तिथे लढत होते आणि इकडे पोलाद कामगारांची संघटना संपाच्या तयारीत होती. कामगारांना वेतनवाढ हवी होती. मालक म्हणत होते, आधी आम्हाला पोलादाचा भाव वाढवू द्या. युद्धामुळे भावांवर सरकारचं नियंत्रण होतं, आणि मालक मागत होते तेवढी वाढ द्यायला सरकार तयार नव्हतं. बोलणी फिसकटली. संपाला काही तास उरले असताना, ८ एप्रिलच्या रात्री, अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी देशातले बहुतेक मोठे पोलाद कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश आपल्या व्यापारमंत्र्यांना दिला. पोलाद थांबलं तर दारूगोळा थांबणार, हे कोणालाही कळत होतं. ट्रुमन यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण कंपन्या न्यायालयात गेल्या आणि त्यांनी विचारलं, हा अधिकार अध्यक्षांना दिला कोणी?

या प्रश्नाचं वजन कळायला तिथली रचना थोडी बघावी लागेल. अमेरिकी घटनेचं पहिलं कलम कायदे करण्याची सत्ता काँग्रेसला देतं, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह या दोन सभागृहांना. दुसरं कलम अंमलबजावणीची सत्ता अध्यक्षांना देतं, तिसरं न्यायदानाची सत्ता न्यायालयांना. आपल्याकडे पंतप्रधान संसदेत बसतात, मंत्री खासदार असतात, लोकसभेचा विश्वास गेला की सरकार पडतं. अमेरिकेत मंत्र्याला काँग्रेसचा सदस्य राहता येत नाही. चार वर्षांच्या मुदतीत अध्यक्षांना अविश्वास ठरावाने घालवता येत नाही, आणि अध्यक्षांना काँग्रेस बरखास्त करता येत नाही. याला आपण सत्ताविभाजन म्हणतो. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकी हीच तुलना केली होती. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, पण रोजच्या रोज जाब विचारण्याची सोय कमी, असं त्यांचं निदान होतं, आणि आपण जबाबदारीच्या बाजूने कौल दिला.

तरीही या तीन सत्ता अलग अलग खोल्यांत बसलेल्या नाहीत. काँग्रेसने कायदा केला तरी अध्यक्ष नकाराधिकार वापरून तो परत पाठवू शकतात, आणि दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर केला तर अध्यक्षांचा नकार निकालात निघतो. न्यायाधीश अध्यक्ष निवडतात, पण सिनेटच्या संमतीशिवाय नेमणूक होत नाही. सैन्याचे सरसेनापती अध्यक्ष, पण युद्ध पुकारण्याचा अधिकार आणि तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे. घटनेच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसन यांचा युक्तिवाद असा की सत्तेवरच्या माणसाच्या चांगुलपणावर विसंबू नका, एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेने शह बसेल अशी मांडणी करा. मला या घटनेत सगळ्यात मोलाचं काही वाटत असेल तर ते हे आहे.

आता पोलादाकडे या. १९४७ साली काँग्रेसने टाफ्ट-हार्टले कायदा केला होता. राष्ट्रीय संकट ओढवेल असा संप असेल तर न्यायालयाच्या हुकमाने तो ८० दिवस थोपवण्याची वाट त्यात होती. कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार अध्यक्षांना द्यावा, ही सूचना तेव्हाच पुढे आली होती आणि काँग्रेसने ती नाकारली होती. या कायद्यावर नकाराधिकार वापरणारे अध्यक्ष ट्रुमनच होते, आणि काँग्रेसने त्यांचा नकार मोडून कायदा केला होता. म्हणजे १९५२ मध्ये ट्रुमन यांनी, आपल्याला न आवडलेल्या कायद्याची वाट सोडून, काँग्रेसने मुद्दाम बंद ठेवलेलं दार उघडलं.

२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला : ताबा बेकायदेशीर. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलं की अध्यक्षांची सत्ता एक तर काँग्रेसच्या कायद्यातून यायला हवी किंवा घटनेतून, आणि इथे ती दोन्हीकडून येत नाही. पण पुढच्या पिढ्यांनी जास्त आधार घेतला तो न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांच्या स्वतंत्र निकालपत्राचा. त्यांनी सांगितलं की काँग्रेसची संमती असते तेव्हा अध्यक्षांची सत्ता सर्वांत बळकट, काँग्रेस गप्प असते तेव्हा ती धूसर प्रदेशात, आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध ते वागतात तेव्हा ती सर्वांत दुबळी. अध्यक्ष सैन्याचे सरसेनापती आहेत, देशातल्या कारखान्यांचे आणि रहिवाशांचे नाहीत, असंही त्यांनी बजावलं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींची नेमणूक ट्रुमन यांच्याआधीचे अध्यक्ष रूझवेल्ट किंवा स्वतः ट्रुमन यांनीच केलेली होती. ट्रुमन यांनी नेमलेल्या चौघांपैकी दोघांनी त्यांच्याविरुद्ध मत दिलं, आणि त्यांतले टॉम क्लार्क तर ट्रुमन यांचे पूर्वीचे अ‍ॅटर्नी जनरल. न्यायालयाकडे ना फौज ना पैसा. तरी ट्रुमन यांनी त्याच दिवशी कारखाने परत करायला सांगितले. संप झाला आणि सात आठवड्यांहून अधिक चालला.

कायदा किंवा आदेश घटनेशी विसंगत ठरवण्याचा हा अधिकार, म्हणजे न्यायालयीन पुनर्विलोकन, घटनेच्या मजकुरात स्पष्ट शब्दांत कुठेच नाही. १८०३ साली मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी तो प्रस्थापित केला.

पण इथे थांबलो तर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. सत्तेवर सत्तेचा अडसर घालणाऱ्या याच घटनेने गुलामगिरी सांभाळली. राज्याला प्रतिनिधिगृहात किती जागा मिळणार हे ठरवताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरायची, असा सौदा १७८७ मध्ये झाला. मत देण्याचा हक्क गुलामाला नाही, पण त्याच्या नावावर वाढलेल्या जागा मालकांच्या राज्यांना! १७९१ मध्ये हक्कांची सनद म्हणून पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या, पण त्या बंधनकारक होत्या केंद्र सरकारवर. राज्याने अन्याय केला तर त्या सनदेचा उपयोग नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १८३३ मध्ये सांगून टाकलं. संघराज्यात अधिकार दोन पातळ्यांवर वाटलेले असतात आणि त्यामुळे स्वातंत्र्य सुरक्षित राहतं, असं आपण शिकतो. दक्षिणेतल्या काळ्या माणसाला राज्यांच्या या स्वायत्ततेचा अर्थ वेगळाच कळत होता. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच काळी माणसं अमेरिकेची नागरिक होऊ शकत नाहीत असा निकाल दिला.

तो पुसायला यादवी युद्ध लागलं. १३ व्या दुरुस्तीने १८६५ मध्ये गुलामगिरी संपवली. १८६८ च्या १४ व्या दुरुस्तीने नागरिकत्व दिलं आणि कायद्याचं समान संरक्षण नाकारायला राज्यांना मनाई केली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, ती या लढ्यासाठी. मात्र त्या १४ व्या दुरुस्तीतल्या शब्दांना शाळेच्या दारापर्यंत पोहोचायला, म्हणजे काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरायला, १९५४ साल उजाडलं. मधल्या काळात, १८९६ मध्ये, काळ्या-गोऱ्यांसाठी ‘वेगळं पण समान’ चालेल असं त्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं.

मग घटना लवकर का बदलत नाही? कारण दुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात आणि त्यावर तीन-चतुर्थांश राज्यांची मान्यता. आजपर्यंत दुरुस्त्या झाल्या आहेत २७. बालमजुरीचं उदाहरण घ्या. १९१६ मध्ये काँग्रेसने बालमजुरीविरुद्ध कायदा केला, तो न्यायालयाने १९१८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केला. मग बालमजूर राबवणाऱ्यांवर कर लावून पाहिला, तोही १९२२ मध्ये रद्द. शेवटी १९२४ मध्ये काँग्रेसने घटनादुरुस्ती मंजूर करून राज्यांकडे पाठवली. पुरेशा राज्यांची मान्यता तिला कधीच मिळाली नाही. १९३८ मध्ये काँग्रेसने आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराखाली पुन्हा कायदा केला आणि १९४१ मध्ये न्यायालयाने तो एकमताने उचलून धरला. या बाबतीत घटनेतलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. न्यायासनावरची माणसं आणि त्यांचं वाचन बदललं होतं. तिथले न्यायाधीश तहहयात असतात, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयातली एक जागा रिकामी झाली की सिनेटमध्ये इतकी अटीतटीची झुंज का होते, ते यावरून लक्षात येईल.