ग्लिसरॉल : पाणी ओढणारं आणि पाणी धरणारंही

[दृश्य : पहाटेचा यवतेश्वर घाट. चढणीवर धावणारे.]

साताऱ्यातून कासकडे जाणारा हा यवतेश्वरचा घाट. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची खरी परीक्षा इथेच असते. या चढणीवर पायांचे स्नायू साखर जाळतात आणि तिच्या जोडीला चरबीही. शरीरातली चरबी साठलेली असते ट्रायग्लिसराईडच्या रूपात : तीन मेदाम्लं, आणि त्यांना एकत्र बांधणारा ग्लिसरॉलचा एक रेणू. धावताना अ‍ॅड्रिनलिन वाढतं, इन्शुलिन उतरतं, विकरं मेदाम्लं सोडवतात आणि ग्लिसरॉल मोकळं होतं. १०० ग्रॅम चरबी फुटली की साधारण १० ग्रॅम ग्लिसरॉल निघतं.

चरबीच्या पेशीला ते पुन्हा फारसं वापरता येत नाही, कारण त्यासाठी लागणारं ग्लिसरॉल कायनेज हे विकर तिच्याकडे जवळपास नसतंच. म्हणून ते रक्तात उतरतं आणि यकृतात पोहोचतं. तिथे ग्लिसरॉलच्या दोन रेणूंपासून ग्लुकोजचा एक रेणू तयार होतो. एकादशीच्या कडक उपवासात यकृतातला साखरेचा साठा संपत आला, तरी मेंदूला ग्लुकोज मिळत राहतं. त्यातला काही वाटा या ग्लिसरॉलचा असतो.

[दृश्य : प्रयोगशाळा. रक्ताची नळी.]

रक्ततपासणीत ट्रायग्लिसराईड मोजतात तेही याच्याच आधाराने. नमुन्यातली चरबी फोडायची आणि सुटलेलं ग्लिसरॉल मोजायचं. त्यामुळे रक्त घेताना बोटांवरचं ग्लिसरॉल असलेलं हॅंडक्रीम नमुन्यात मिसळलं, तर आकडा खोटा वाढू शकतो.

[दृश्य : औषधाच्या दुकानातली ग्लिसरीनची बाटली. दाट, पारदर्शक धार.]

बाटलीतलं ग्लिसरीन म्हणजे हेच ग्लिसरॉल. चवीला गोड, पाण्यापेक्षा सव्वापट जड. त्याच्या औषधी उपयोगांच्या मुळाशी एक गुण आहे : ते पाण्याला सोडत नाही. मग ते पाणी कुठून घेणार, हे आपण ते कसं देतो यावर ठरतं.

अचानक उठलेल्या तीव्र काचबिंदूत डोळ्याचा दाब काही तासांत इतका चढतो की दृष्टी जाऊ शकते. अशा वेळी डॉक्टर तोंडाने ग्लिसरॉल देऊ शकतात : वजनाच्या दर किलोला १ ते १.५ ग्रॅम, निम्मं पाणी घालून, लिंबाच्या रसात, थंड करून. ६० किलोच्या माणसाला किमान ६० ग्रॅम, म्हणजे ४८ मिलिलिटरच्या आसपास. रक्त दाट होतं, ग्लिसरॉल डोळ्यात सहज शिरत नाही, आणि डोळ्यातलं पाणी रक्ताकडे ओढलं जातं. अर्ध्या तासात दाब उतरू लागतो, परिणाम चार-पाच तास टिकतो. तहान लागते, डोकं दुखतं. पण रुग्णाने लगेच तांब्याभर पाणी प्यायलं, तर रक्त पुन्हा पातळ होतं आणि औषध वाया जातं. मळमळ नेहमीची, उलटी झाली तर डोस गेला. मधुमेह असेल तर हे टाळतात, कारण यकृत त्याची साखर करतं. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तरीही जपावं लागतं. उलटी आणि साखर या अडचणी टाळायला आज बऱ्याच ठिकाणी शिरेतून मॅनिटॉल हे पाणी ओढणारं दुसरं औषध देतात.

बद्धकोष्ठाच्या सपोझिटरीत, म्हणजे गुदद्वारातून सरकवायच्या वडीत, हीच ओढ आतड्याच्या शेवटच्या टोकाशी काम करते. पाण्यात ओली करून, डाव्या कुशीवर झोपून सरकवायची आणि पंधरा मिनिटं तरी धरून ठेवायची. लगेच उठलं तर ती तशीच बाहेर येते. त्वचेवर मात्र कोरड्या हवेत नुसतं ग्लिसरीन लावू नये. हवेत ओलावा नसला की ते त्वचेच्या आतल्या थरातलं पाणी घेतं. गुलाबपाण्यात पातळ करून, ओल्या अंगावर लावावं.

[दृश्य : म्हसवडजवळचा उघडा रस्ता. दुपार. सराव करणारे खेळाडू.]

आता खेळाडू. इथे कृती नेमकी उलटी, कारण ग्लिसरॉल भरपूर पाण्यासोबत घेतात. मूत्रपिंडाच्या नलिका ग्लिसरॉल परत शोषतात, त्याबरोबर पाणीही राहतं. अभ्यासांत वापरलं जाणारं प्रमाण असं : दर किलोला १.२ ग्रॅम ग्लिसरॉल, २६ मिलिलिटर द्रवात, तासाभरात थोडं थोडं; शेवटचा घोट सुरुवातीच्या अर्धा तास आधी. ६० किलोच्या धावपटूला ७२ ग्रॅम, म्हणजे ५७ मिलिलिटर ग्लिसरीन, दीड लिटरहून थोड्या जास्त द्रवात. नुसत्या पाण्यापेक्षा साधारण अर्धा लिटर जास्त अंगात टिकतं. पाणी कमी घेतलं तर हे पेय दाट होतं, आतड्यातच पाणी खेचतं, आणि मळमळ, जुलाब, डोकेदुखी सुरू होते. मिठाशिवाय एवढं पाणी आणि वर वाटेतही पाणीच, तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. त्याची लक्षणं डोकेदुखी, उलटी आणि गोंधळलेपण. ओआरएसमध्ये लिटरला २.६ ग्रॅम मीठ असतं, तेवढं द्रवात असू द्यावं.

वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१० च्या यादीत ग्लिसरॉलवर बंदी घातली होती. १ जानेवारी २०१८ पासून ती उठली. बंदी नाही, म्हणून गरज आहे असं मात्र नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. पावसाळी, गार हवेत धावल्या जाणाऱ्या साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनला याची गरज नाही. अर्धा लिटर जास्त पाणी म्हणजे अर्धा किलो जास्त वजन, आणि ते घाटात वर न्यायचं. कुस्तीच्या वजनाआधी तर त्याचं नावच काढू नये. माणदेशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन तास चालणाऱ्या कष्टात, जिथे वाटेत पुरेसं पाणी पिता येत नाही, तिथे विचार करता येईल. तोही डॉक्टरांशी बोलून, आणि आधी सरावात करून पाहून. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा कधीच नाही.

[दृश्य : बाटलीवरचं लेबल, जवळून.]

आणि हे सगळं बाटलीत खरंच ग्लिसरीन असेल तरच. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. १४ रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. हे विषही तसंच गोड, पारदर्शक आणि दाटसर असतं. नजरेने, चवीने किंवा वासाने ते ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. औषधी ग्लिसरीनमध्ये त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणून पोटात घ्यायचं तर लेबलवर ‘आय.पी.’ (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या दर्जाची भारतीय संहिता) ही अक्षरं, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत हवी. ‘फक्त बाह्य वापरासाठी’ लिहिलेली बाटली, किंवा सुट्टं मोजून दिलेलं ग्लिसरीन पोटात घ्यायचं नाही. घेतल्यानंतर उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली, लघवी कमी झाली किंवा थांबली, तर लगेच रुग्णालय गाठा. उरलेली बाटली फेकू नका, सोबत न्या.