ओटीभर कापूस, अंगावर लुगडं

[दृश्य: पांढरं झालेलं कपाशीचं वावर. वेचणाऱ्या बायांची पात.]

दसरा सरला की वऱ्हाडातली वावरं पांढरी व्हायला लागतात. आजीच्या काळी वेचणीला निघालेल्या बाईला वेगळी पिशवी लागत नसे. अंगावरच्या नऊवारी लुगड्याचा पदर पुढं घ्यायचा, टोकं कमरेला घट्ट खोचायची, झाली ओटी तयार. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला टोचतात. म्हणून बोटं तिरपी घालून कापूस ओढायचा, चिकटलेला पाला फुंकरीनं उडवायचा आणि ओटीत टाकायचा. दुपारपर्यंत बाई पुढून अशी फुगायची की बांधावरची पोरं खिदळायची.

पेरणीतही तेच. तिफणीमागं सरतं, म्हणजे बी सोडायची नळी, धरून चालायचं आणि मुठीमुठीनं तुरीचं बी सोडायचं, तेही ओटीतूनच. तान्हं पोर असलं तर दुसरं जुनं लुगडं बाभळीला बांधून त्याची झोळी.

[दृश्य: चुलीजवळ हात पुसणारी म्हातारी. पदराची गाठ.]

घरी आल्यावर पदराला सुट्टी नव्हतीच. चुलीवरचं गरम भगुणं त्यानंच उतरवायचं. नातवाचं नाक त्यानंच पुसायचं. (आणि त्याच टोकानं पेरू पुसून आपल्याला द्यायचा, आपणही खायचो.) बाजाराचे पैसे गाठीला, तंबाखूची चंची कनवटीला. परकर नाही, पिन नाही. काष्टा मारला की बाई विहिरीत उतरायलाही मोकळी.

[दृश्य: दंड घातलेल्या लुगड्याची शिवण, जवळून.]

ही शिवण पाहा. लुगडं आधी बसायच्या जागी विरायचं. तेवढा पट्टा फाडून काढायचा आणि उरलेले दोन धड तुकडे एकमेकांना जोडायचे. याला दंड घालणं म्हणतात. एकाचा काठ हिरवा, दुसऱ्याचा लाल, तरी चालायचं. तेही फाटलं की वाकळीत जायचं, मग पोतेरं व्हायचं.

आजीचं लुगडं आठवून गहिवरताना एक गोष्ट सोयीस्कर विसरली जाते. कित्येक घरांत बाईजवळ लुगडी दोनच असायची. एक अंगावर, एक वलनीवर. आणि ही गत कुठं, तर कापसाच्या मुलखात! जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ साली सुरू झाली, ती याच भागातला कापूस जवळ म्हणून. उमरेड, पवनीकडच्या कोष्ट्यांचे हातमाग तर त्याच्या कितीतरी आधीचे. करवतीच्या दात्यांसारखे काठ असलेलं टसर रेशमाचं लुगडंही इकडचंच. पण ते लग्नाकार्यात, तेही ऐपत असेल त्याच्याच घरी. वेचणाऱ्या बाईला वर्षातून एखादं जाडंभरडं सुती लुगडं मिळालं, तरी ती साऱ्या आळीला दाखवून यायची.

[दृश्य: गॅदरिंगच्या मंचावर शिवलेली नऊवारी नेसलेल्या मुली.]

आता शिवलेली नऊवारी भाड्यानं मिळते. आत नाडी, मागं चेन. छान दिसते, पोरी नाचतातही झकास. पण काष्टा आधीच शिवलेला, त्यामुळं नेसायचं असं काही उरतच नाही.

[दृश्य: पुन्हा वावर. साडीवर पुरुषी शर्ट घातलेल्या बाया.]

वावरात मात्र ओटी अजून आहे. पाचवारीचा पदर पुरत नाही, म्हणून जुन्या साडीचा तुकडा वेगळा बांधतात. लुगडं न सोडलेली एखादी म्हातारी अजूनही सुनेला टोकते, "एवढ्याशा फडक्यात किती मावते वं?"

सून हसते आणि भरलेली ओटी गाठोड्यात रिकामी करून पुढच्या तासाला लागते. संध्याकाळी काटा होणार आहे, आणि मजुरी किलोवर आहे.