आर्सेनिकचा उपचार : रोजचं वजन, रोजचा श्वास आणि ईसीजी

अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे एपीएल, या रक्ताच्या कर्करोगात आर्सेनिक ट्रायऑक्साइडचा उपयोग १९७०च्या दशकात चीनमधल्या हार्बिनला सुरू झाला. आता ट्रेटिनॉइनच्या (अ जीवनसत्त्वाच्या एका रूपाच्या) जोडीनं दिल्यास कमी-मध्यम जोखमीच्या बहुतेक रुग्णांना नेहमीच्या केमोथेरपीची गरजच पडत नाही. मात्रा दर किलो वजनामागे दिवसाला ०.१५ मिलिग्रॅम, शिरेतून, एक ते दोन तासांत. चेहरा लाल झाला किंवा गरगरलं तर वेळ चार तासांपर्यंत वाढवायचा. हे औषध जीव वाचवतं. पण धोक्याची खूण उशिरा दिसली, तर पहिल्या काही आठवड्यांत त्याच उपचारात जीव जाऊ शकतो.

सगळ्यांत आधी डिफरन्शिएशन सिंड्रोम. औषधामुळे कर्कपेशी मरण्याऐवजी परिपक्व होऊ लागतात, सायटोकाइन (दाह वाढवणारी रसायनं) सोडतात, फुप्फुसात शिरतात आणि केशवाहिन्या गळू लागतात. मग ताप, धाप, पायांवर सूज, रक्तदाब उतरणं, लघवी कमी होणं. वजन पाच किलोंहून जास्त वाढणं हा निदानाचा एक निकष आहे, पण पाच किलो भरेपर्यंत थांबायचं नसतं. म्हणून रोज सकाळी, त्याच काट्यावर वजन घ्या आणि ऑक्सिजन मोजा. नुसती शंका आली तरी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १० मिलिग्रॅम दर बारा तासांनी शिरेतून सुरू करायचं, एक्स-रेची वाट बघायची नाही. ताप संसर्गाचाही असू शकतो, त्यामुळे अँटिबायोटिक बरोबरच सुरू होतं. त्रास तीव्र असेल तरच आर्सेनिक तात्पुरतं थांबवतात. पांढऱ्या पेशी झपाट्यानं वाढल्या तर त्या कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया देतात.

दुसरा धोका हृदयाचा. आर्सेनिक हृदयपेशींमधल्या पोटॅशियमच्या वाहिन्या अडवतं, ईसीजीतलं क्यूटी अंतर (ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणाऱ्या वेळेचं माप) लांबतं आणि त्यातून जीवघेणी अनियमित लय उद्भवू शकते. रक्तातलं पोटॅशियम ४ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर आणि मॅग्नेशियम १.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर ठेवायचं. उलट्या-जुलाबांनी हीच दोन्ही घसरतात. सुरुवातीला ईसीजी आणि नंतर आठवड्यातून किमान दोनदा. क्यूटी नाडीच्या वेगानुसार दुरुस्त करून वाचतात; नाडी जलद असताना त्यासाठीचं बॅझेटचं सूत्र तो फुगवून दाखवतं आणि औषध विनाकारण थांबतं. फ्रिडेरिसियाचं सूत्र वापरावं. दुरुस्त क्यूटी ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर औषध थांबवून क्षार दुरुस्त करायचे. यात खरी गोम सोबतच्या औषधांत असते. मळमळीसाठी ओंडानसेट्रॉन, तापासाठी लिव्होफ्लॉक्सासिन, बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल : तिन्ही क्यूटी लांबवतात आणि सहसा ती वेगवेगळ्या हातांनी लिहिली जातात. प्रत्येक नवीन औषध चिठ्ठीवर येताना ‘हे क्यूटी लांबवतं का’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

यकृताची एन्झाइम्स वाढणं नेहमीचं आहे; सामान्य मर्यादेच्या पाचपटीपुढे गेली तर औषध थांबवतात आणि उतरल्यावर कमी मात्रेनं सुरू करतात. मूत्रपिंड क्षीण असेल तर आर्सेनिक शरीरात साचतं, तिथे देखरेख वाढवावी लागते.

गोंधळ, डोळ्यांची विचित्र हालचाल, चालताना तोल जाणं दिसलं तर थायमिनची (ब१ जीवनसत्त्वाची) कमतरता मनात आणा. रुग्णाचं खाणं कमी झालेलं असतं, त्यात आर्सेनिक. रक्ताच्या अहवालाआधी थायमिन शिरेतून द्यायचं, कारण उशीर झाल्यामुळे होणारी मेंदूची हानी भरून येईलच असं नाही. हातापायांची बधिरता मात्र हळूहळू येते आणि रुग्ण ती आपणहून सांगत नाही. प्रत्येक भेटीत विचारा : बटण लावता येतं का, चप्पल पायातून निसटलेली कळते का?