डबा तोच, शिडी नवी

(दृश्य: पहाटेची आचऱ्याची खाडी. दोघे जण होडी पाण्यात ढकलतायत. आवाज फक्त पाण्याचा.)

मालवण तालुक्यात आचऱ्याची खाडी समुद्राला मिळते, तिथून थोडं अलीकडे चिऱ्याचा एक मांगर आहे. आधी यात गवत असायचं, नारळाची सोडणं असायची, पावसाळ्याचं सरपण असायचं. कौलं तीच आहेत. खाली आता एक लांब टेबल आहे, दोन ट्यूबलाइट आहेत आणि झाकणं घट्ट लावलेले बरेच डबे आहेत.

(दृश्य: काळ्या ॲल्युमिनियमच्या डब्याचे स्क्रू निघतायत. झाकण वर येतं. आत ट्रान्सफॉर्मर, हिरवा बोर्ड.)

हा डॅक. गाणं फाइलमध्ये साठवलेलं असतं ते आकड्यांत. सीडीवर एका सेकंदाला 44,100 आकडे, तेही डाव्या आणि उजव्या कानाचे वेगवेगळे. स्पीकरला आकडे कळत नाहीत. त्याला लागतो कमी-जास्त होणारा विजेचा दाब. आकड्यांचा दाब करून देतो तो डॅक. तुमच्या मोबाइलमध्येही एक आहे, नखापेक्षा लहान. काकांचा हा डॅक उचलायला मात्र दोन्ही हात लागतात.

गावात यांना सगळे काकाच म्हणतात. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात नोकरी केली, मग गावी परतले आणि या मांगरात असे डॅक बनवू लागले. एकेक करून, ओळखीच्या माणसांसाठी. मग ओळखीच्यांच्या ओळखीच्यांसाठी. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, मडगाव. या डॅकमध्ये आकड्यांचा दाब करायचं मुख्य काम एक जपानी चिप करायची.

(दृश्य: काकांच्या तळहातावर एक काळी चिप. कोपऱ्यात जळल्याचा डाग.)

20 ऑक्टोबर 2020 ला जपानमध्ये मियाझाकी प्रांतातल्या नोबेओका शहरात एका चिप कारखान्याला आग लागली. ती विझायला काही दिवस लागले. जगभरच्या ऑडिओ कंपन्या ज्या चिपांवर अवलंबून होत्या, त्या चिपा बाजारातून दिसेनाशा झाल्या. मोठ्या कंपन्यांनी नवीन मॉडेलं काढली. आचऱ्याच्या मांगरात मात्र दुरुस्तीला आलेले डबे एकावर एक साठत गेले. वळवाच्या पावसात वीज कडाडते, वायरीतून झटका येतो आणि चिप जाते. बाकी सगळं शाबूत. डबा चांगला, ट्रान्सफॉर्मर चांगला, आणि चिप कुठे मिळत नाही.

अशा वेळी दुकानदार सांगतो, नवीन घ्या. या शब्दांवर माझा राग आहे. नव्वद टक्के धडधाकट असलेली वस्तू भंगारात घालायला सांगणं हा सल्ला नव्हे. काकांनी त्या मालकांना वेगळं सांगितलं: डबा ठेवा, मी आतला बोर्ड बदलून देतो. चिपशिवायचा बोर्ड. फक्त तो बनवायला पैसे आधी लागतील.

(दृश्य: निळ्या कव्हरची शंभर पानी वही. नावांची यादी, पुढे रकमा. बोट एकेका ओळीवरून सरकतं.)

यालाच क्राउडफंडिंग म्हणतात. कोकणात याला जुना शब्द आहे, वर्गणी. देवळाची जत्रा वर्गणीवर होते, सार्वजनिक गणपती वर्गणीवर बसतो. इथे वर्गणी निघाली ती अजून जन्माला न आलेल्या बोर्डासाठी. आणि तिची गरज खरी होती. बोर्ड छापून देणारा कारखाना पाच बोर्डांची मांडामांड करो की पन्नासांची, मांडणीचा खर्च तेवढाच घेतो. हवे ते रेझिस्टर (वीज अडवणारे बारीक भाग) सुटे घेतले तर महाग पडतात, स्वस्त पडतात ते 5,000 च्या रिळात. एकट्या माणसाला हे परवडत नाही. सगळ्यांनी मिळून रीळ घेतलं की परवडतं.

(दृश्य: कागदावर पेन्सिलने शिडी काढली जाते. आडव्या-उभ्या रेघा.)

चिपशिवाय आकड्यांचा दाब कसा करायचा? शिडीने. इंजिनिअर तिला आर-टू-आर म्हणतात. एका किमतीचा रेझिस्टर आणि त्याच्या दुप्पट किमतीचा रेझिस्टर, या दोनच किमतींची ही शिडी. किंमत म्हणजे पैसे नव्हेत, तो वीज किती अडवतो ते. सगळ्यात वरची पायरी पूर्ण दाबाच्या निम्मा दाब देते. तिच्या खालची पाव. तिच्या खालची अर्धपाव. असं निम्मं निम्मं होत खाली जायचं. आकड्यातला प्रत्येक बिट, म्हणजे 0 किंवा 1, एकेक पायरी चालू करतो किंवा बंद करतो, आणि चालू पायऱ्यांची बेरीज म्हणजे त्या क्षणाचा आवाज. सीडीचा आकडा 16 बिटांचा, म्हणजे 16 पायऱ्या आणि 65,536 वेगवेगळे दाब. काकांनी 24 पायऱ्या धरल्या. दुप्पट किमतीचा रेझिस्टर वेगळा न घेता एकाच किमतीचे दोन जोडायचे. मग एका शिडीला 73 रेझिस्टर, डावी-उजवी मिळून 146.

कल्पना शाळेतल्या मुलालाही कळेल. अडचण आहे ती नेमकेपणाची. वरची पायरी निम्म्या दाबाची. तिच्यात दहा हजारात एक भाग एवढी जरी चूक झाली, तरी ती चूक सगळ्यात खालच्या कितीतरी पायऱ्यांपेक्षा मोठी ठरते. त्या पायऱ्या असूनही नसल्यासारख्या होतात. म्हणून वरच्या पायऱ्यांना अगदी जुळे रेझिस्टर हवेत. आणि जुळे शोधायचे तर एकेक मोजण्याला पर्याय नाही.

(दृश्य: क्लोज-अप. प्लॅस्टिकचा चिमटा, तांदळाच्या दाण्याहून लहान रेझिस्टर. मीटरवरचे आकडे हळूहळू स्थिरावतायत.)

ही काकांची पुतणी. कुडाळला डिप्लोमाला आहे, सुट्टीत इथे येते. मोजणीचं काम तिचं. पहिल्या दिवशी तिने रेझिस्टर बोटांत धरून मीटरला लावले आणि सगळे आकडे चुकले.

(काकांचा आवाज: हात लाव नको गो बाय, तापतला. थंड होवंदे.)

या रेझिस्टरांची किंमत तापमानाबरोबर बदलते. एका अंशाला दहा लाखात 25 भाग. ऐकायला काहीच नाही. पण बोटांच्या उबेने तो चार अंश जरी तापला, तरी दहा हजारात एक भाग सरकला. म्हणजे जी चूक टाळायची, तीच हाताने घातली. म्हणून चिमटा. म्हणून मोजताना पंखा बंद, आणि दारात उभं राहायचं नाही, कारण खाडीवरून वारा आला की आकडा हलतो. एकेका रेझिस्टरला ती मीटरखाली ठेवते, हात मागे घेते, थांबते. आकडा थांबला की वाचते. मग तो बांगड्यांच्या जुन्या खोक्यात पडतो. खोक्याला खण केलेत, खणांवर पेन्सिलने किमतीचे शेवटचे तीन आकडे. हे काम ती सकाळी सहा ते नऊ एवढ्याच वेळात करते. नंतर कौलं तापतात.

आम्ही तीन सकाळी हे चित्रित केलं. खरं तर एक सकाळ पुरली असती. कॅमेरा काढावासाच वाटेना.

(दृश्य: पाऊस. पागोळ्या. मांगराच्या दाराशी गोणपाट.)

आणि हे सगळं कोकणात. पावसाळ्यात इथल्या हवेत 85 टक्क्यांहून जास्त दमटपणा असतो. वाऱ्यात मीठ असतं. नवा पत्रा बघता बघता गंजतो, मग केसाएवढ्या तांब्याच्या रेघांचं काय होत असेल? मीठ आणि ओल बोर्डावर बसली की दोन रेघांमधून बारीकसा प्रवाह गळायला लागतो. बल्बला त्याने फरक पडत नाही. या शिडीला पडतो.

(दृश्य: टूथब्रशने बोर्ड घासला जातोय. पारदर्शक द्रव. मग ब्रशने वार्निशसारखा थर.)

म्हणून सोल्डरिंग झालं की बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचा. टूथब्रशने, दोनदा. मग ओव्हनमध्ये ठेवून आतली ओल काढायची आणि गरम असतानाच त्यावर संरक्षक लेप द्यायचा. थंड होऊ दिला तर तो पुन्हा ओल ओढतो. काका याला आंबापोळीची उपमा देतात: नीट वाळण्याआधी डब्यात घातली की बुरशी ठरलेली.

(दृश्य: बोर्डाचा क्लोज-अप. दोन चंदेरी डब्या शेजारी शेजारी.)

या दोन चंदेरी डब्या म्हणजे घड्याळं. एकाचे ठोके सेकंदाला 2 कोटी 25 लाख 79 हजार 200, दुसऱ्याचे 2 कोटी 45 लाख 76 हजार. दोन कशाला? सीडीचा वेग 44,100 आणि व्हिडिओच्या आवाजाचा 48,000. दोन्हींना पूर्ण भाग जाईल असं एकच सोयीचं घड्याळ नाही. आकडा योग्य असला आणि वेळेच्या किंचित पुढे-मागे आला, तरी आवाज बिघडतो. म्हणून दोघांना दोन घड्याळं, तीही शिडीच्या अगदी जवळ.

आता हा 44,100 आकडा आला कुठून, ते काका इतक्या आनंदाने सांगतात की ते इथे यायलाच हवं. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. पडद्याच्या एका ओळीत तीन आकडे, एका फील्डमध्ये, म्हणजे पडद्यावर एका वेळी उमटणाऱ्या अर्ध्या चित्रात, वापरण्याजोग्या 245 ओळी, सेकंदाला 60 फील्ड. गुणा. 44,100. ज्या देशांत सेकंदाला 50 फील्ड होती, तिथे 294 ओळी. तरीही 44,100. 1982 मध्ये सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन, आणि आजही तो या मांगरात टिकटिकतोय.

(दृश्य: रात्र. देवळाचं पटांगण, दशावतार. पखवाज, पायपेटी, झांज. जुनं, थोडं हलतं चित्रण.)

बोर्ड तयार झाला. तपासायला काकांनी लावलं ते स्वतः टिपलेलं दशावताराचं ध्वनिमुद्रण. दशावतारात वाद्यं तीनच, पखवाज, पायपेटी, झांज. झांज हे मोठं कठीण परीक्षण आहे. वाजते त्या क्षणी सगळे डॅक सारखेच वाटतात. फरक कळतो ती विझत जाते तेव्हा.

पहिल्या बोर्डावर झांज मध्येच खरखरून विझली.

(दृश्य: काका डोळे मिटून ऐकतायत. भुवई वर जाते. हात पुढे येऊन आवाज मागे नेतो. पुन्हा. पुन्हा.)

दोष मोजणीत नव्हता, शिडीच्या स्वभावात होता. आवाजाची लाट शून्याच्या वर-खाली होते. शून्य ओलांडताना आकडा असा बदलतो की वरची पायरी चालू होते आणि तिच्याखालच्या सगळ्या एकदम बंद होतात. चोवीस पायऱ्या एकाच क्षणी. त्या क्षणात एक बारीक टोचा उठतो. मोठ्या आवाजात तो लपतो. हळू आवाजात लपत नाही, कारण हळू आवाज शून्याच्या आसपासच हिंडतो. म्हणजे शिडी नेमकी तिथे चुकते जिथे कान सगळ्यात जास्त टवकारलेला असतो.

उपाय माहीत होता. बर-ब्राउन कंपनीच्या पीसीएम 63 या चिपमध्ये तो वापरलेला होता. एकाऐवजी दोन शिड्या: एक शून्याच्या वरच्या आवाजाला, एक खालच्या. मग हळू आवाजात फक्त खालच्या बारीक पायऱ्या हलतात, वरच्या गप्प राहतात. पण दोन शिड्यांच्या चार झाल्या. रेझिस्टर जवळपास दुप्पट. बोर्ड पुन्हा आखायचा, पुन्हा छापायचा. वर्गणी पुन्हा मागायची.

ते फोन काकांनी कॅमेऱ्यासमोर केले नाहीत. वही मात्र दाखवली.

(दृश्य: तीच वही. काही नावांपुढे दुसरी रक्कम. काही नावांपुढे लाल शाईत “परत दिले”.)

काम ठरल्या वेळेपेक्षा बरंच लांबलं, काही जणांनी पैसे परत घेतले, ते काकांनी स्वतःच्या खिशातून दिले.

(दृश्य: पुन्हा सकाळ. पुन्हा चिमटा, पुन्हा मीटर. खोक्यांची संख्या वाढलीय.)

पुतणीने दुसरी मोजणी सुरू केली ती दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हा हवा कोरडी असते, आकडा लवकर थांबतो. या वेळी तिने काकांना न विचारता एक बदल केला. मोजायचे रेझिस्टर रात्रीच मीटरशेजारी पितळी ताटात पसरून ठेवायचे. सकाळपर्यंत ताट, मीटर आणि रेझिस्टर एकाच तापमानाला येतात. मोजणीचा वेग वाढला. काकांनी ताट बघितलं आणि शेजारी दुसरं ताट आणून ठेवलं. बोलले काही नाहीत.

(दृश्य: जुना काळा डबा. जळक्या चिपचा बोर्ड बाहेर येतो. नवा बोर्ड त्याच चार स्क्रूंवर बसतो.)

बघा, भोकं तीच आहेत. वायरी त्याच. नवा बोर्ड आखताना काकांनी पहिली अट हीच धरली होती, की जुन्या डब्यात एकही नवीन भोक पाडावं लागू नये. यामुळे आखणी फार अवघड झाली. चार शिड्या, दोन घड्याळं, सगळं जुन्या जागेत कोंबायचं. मोठा डबा घेतला असता तर महिनाभराचं काम वाचलं असतं. पण मग ते अपग्रेड राहिलं नसतं, नवीन डॅक झाला असता, आणि जुना डबा कोणाच्या तरी माळ्यावर गेला असता.

(दृश्य: संध्याकाळ, पडवी. दोन स्पीकर, मध्ये खुर्ची. लाइट जाते. सगळे थांबतात. लाइट येते.)

आमच्या चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी हा बोर्ड पहिल्यांदा पडवीत लागला. शेजारचे आले होते. पायपेटी वाजवणारे एक म्हातारे गृहस्थही आले होते. त्या ध्वनिमुद्रणात पेटी त्यांचीच आहे.

(पायपेटी वाजवणाऱ्यांचा आवाज: ही माझीच पेटी मां?)

(दृश्य: झांज वाजते. विझत जाते. कॅमेरा चेहऱ्यांवर. निवेदन नाही. झांज संपल्यावर ध्वनिमुद्रणातले रातकिडे ऐकू येतात. पुतणी बाहेर बघते, मग स्पीकरकडे.)

(दृश्य: सकाळ. टेबलावर बोर्डांची ओळ. एकेक बोर्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. पिशवीचं तोंड मेणबत्तीच्या आचेवर चिकटवलं जातं.)

बेळगावचा बोर्ड आज निघाला. उद्या मडगावचा. वहीतलं तिसरं नाव पुण्याचं आहे. त्यांनी आपला डबा स्वतः गाडीत घालून आणतो म्हणून कळवलंय, त्यामुळे त्यांचा बोर्ड अजून ताटाशेजारीच आहे.