भट्टीचे लायनिंग निवडताना

आपल्यापैकी बरेच जण कोल्हापूर परिसरातल्या फौंड्रींमध्ये काम करतात, म्हणून उच्चतापसह, म्हणजे प्रचंड उष्णतेत टिकणाऱ्या, पदार्थांविषयी बोलताना मी आज इंडक्शन भट्टीच्या (विजेच्या कॉइलने धातू वितळवणाऱ्या भट्टीच्या) लायनिंगपुरतेच, म्हणजे आतल्या अस्तरापुरतेच, बोलणार आहे. माल घेताना पहिला प्रश्न बहुधा असा विचारला जातो, की हा किती अंशांपर्यंत टिकतो? माझ्या मते हा प्रश्न दुसरा असावा. भट्टीत कोणता धातू वितळणार आहे आणि त्यावर कसली स्लॅग, म्हणजे मळी, तरंगणार आहे, हे आधी विचारले पाहिजे.

लायनिंगच्या पदार्थांपैकी सिलिका साधारण १७१० अंश सेल्सिअसला वितळते, अल्युमिना २०५० च्या आसपास आणि मॅग्नेशिया २८०० च्या आसपास. नुसते हे आकडे पाहिले तर सिलिका कोणी घेऊच नये. तरीही बिडाच्या बहुतेक भट्ट्यांत सिलिकाचा रॅमिंग मासच (ठोकून बसवायचा चुरा) ठोकला जातो आणि ते योग्यच आहे. बिडाची स्लॅग आम्लधर्मी आणि सिलिकाही आम्लधर्मी, त्यामुळे दोघांचे पटते. शिवाय तो स्वस्त पडतो. मात्र बीड १४५० अंशांच्या वर तापवून तसेच धरून ठेवले, तर त्यातला कार्बन लायनिंगमधल्या सिलिकातला ऑक्सिजन ओढून घेतो; मग बिडातला कार्बन घटतो, सिलिकॉन वाढते आणि लायनिंगही झिजते. ओतकामाला साचे तयार नाहीत म्हणून भट्टी तापत ठेवण्याची सवय अशी दुहेरी महाग पडते.

काही वर्षांपूर्वी एका फौंड्रीने खडी क्रशरच्या जबड्यांची ऑर्डर घेतली. जबडे मँगनीज पोलादाचे, म्हणजे सुमारे १२ ते १४ टक्के मँगनीज असलेले, आणि लायनिंग मात्र रोजचे सिलिकाचे. ते लायनिंग थोड्याच हीट्समध्ये (धातू वितळवण्याच्या फेऱ्यांमध्ये) इतके पातळ झाले, की फोडून काढावे लागले. मी त्यातला एक तुकडा हातात घेतला. मागची बाजू भुसभुशीत आणि पांढरी होती. धातूकडच्या बाजूला हिरवट तपकिरी, काचेसारखा चकाकणारा थर होता. मँगनीज ऑक्साइड आणि सिलिका एकत्र आले की १२५० अंशांच्या आसपासच वितळू लागतात, आणि भट्टीतले पोलाद तर त्याहून कितीतरी अधिक तापलेले असते. म्हणजे ते लायनिंग उष्णतेने गेले नव्हते, विरघळले होते.

अशा पोलादाला मॅग्नेशियाचे अल्कधर्मी लायनिंग रसायनाच्या दृष्टीने उत्तम. पण मॅग्नेशिया तापल्यावर फार प्रसरण पावते, आणि एकाच पाळीत चालणारी भट्टी रोज रात्री थंड होत असेल तर त्याला भेगा पडतात. तिथे मी अल्युमिनात थोडे मॅग्नेशिया मिसळलेला माल सुचवतो. तापल्यावर दोन्हींपासून स्पिनेल नावाचे संयुग तयार होते, ते किंचित फुगते आणि भेगा आवळून धरते.

भेगांचा धाक इंडक्शन भट्टीत अधिक बाळगायचा, कारण कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राची धातूवरची पकड चांगली राहावी म्हणून लायनिंग मुद्दाम पातळ ठेवलेले असते आणि त्याच्या मागे पाण्याने थंड होणारी तांब्याची कॉइल असते. वितळलेला धातू भेगेतून त्या पाण्यापर्यंत पोहोचला तर स्फोट होतो. म्हणून सिलिकाचे लायनिंग पहिल्यांदा तापवताना घाई करू नये; क्वार्ट्‌झ (त्यातली स्फटिकरूप सिलिका) ५७३ अंशांना एकाएकी फुगतो, तो टप्पा सावकाश ओलांडावा. सिंटरिंग, म्हणजे तापून कण एकमेकांना चिकटणे, लवकर व्हावे म्हणून बोरिक ॲसिड वाढवण्याचा मोहही टाळावा. एक टक्क्याच्या आसपास ते पुरते. त्याहून फार वाढले तर लायनिंग कमी तापमानालाच मऊ पडते.

लायनिंग फोडाल तेव्हा हीट्सची संख्या लिहून ठेवा आणि झीज स्लॅगच्या रेषेवर झाली की तळाच्या कोपऱ्यात, हेही नोंदवा. स्लॅगच्या रेषेवर खाल्ले असेल तर मालाची निवड तपासावी. तळाच्या कोपऱ्यात खाल्ले असेल तर आधी ठोकाई नीट झाली होती का, ते पाहावे. आणि धातूकडच्या बाजूचा एक तुकडा जपून ठेवा. पुढचा माल मागवताना तो पुरवठादारासमोर ठेवता येईल.