रंगाऱ्यांना रसायन शिकवणारे गज्जर

१८९६. मुंबईच्या फोर्टातल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासलं. संगमरवर सच्छिद्र असतो, डांबर आत मुरतं. ते निघेना. शेवटी हे काम एका देशी रसायनशास्त्रज्ञानं केलं. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर.

या कामानं गज्जरांचं नाव घरोघरी पोचलं. आम्हाला मात्र त्याआधीचं बडोदं जास्त मोलाचं वाटतं.

गज्जर सुरतेचे, जन्म १८६३ चा, घराणं सुतारांचं. शिक्षण रसायनशास्त्राचं. बडोदा कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तेव्हा जर्मनीचे कृत्रिम रंग बाजारात शिरले होते. मंजिष्ठेच्या मुळातलं लाल द्रव्य, अ‍ॅलिझरिन, जर्मन रसायनज्ञांनी १८६८ मध्येच प्रयोगशाळेत तयार केलं होतं. आपला रंगारी काही अडाणी नव्हता. तुरटी लावलेलं कापड मंजिष्ठेत रंगवलं की लाल होतं आणि लोहाचे क्षार लावले की तोच रंग जांभळा-काळा उतरतो, हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणत होता. असं का होतं, ते सांगणारी पुस्तकं मात्र त्याच्या भाषेत नव्हती.

१८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं बडोद्यात कलाभवन सुरू झालं. गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम. आणि शिकवायचं ते विद्यार्थ्याच्या भाषेत. देशी भाषांत शास्त्राला शब्दच नाहीत, हा आक्षेप तेव्हाही होताच. गज्जरांनी तो कामानं खोडला. महाराजांकडून निधी मिळवून त्यांनी परिभाषा आणि पाठ्यपुस्तकांचं काम हाती घेतलं. ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही ग्रंथमाला त्यातूनच आली. केवढी हिंमत ही! विद्यापीठं इंग्रजीशिवाय शास्त्राचा विचारही करत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले.

पुढे गज्जर मुंबईला आले, विल्सन कॉलेजात शिकवू लागले. गिरगावात त्यांनी टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली. उद्योगाला लागणारं रसायन तिथे हातानं करून शिकता येई. १९०७ मध्ये कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासोबत त्यांनी अलेम्बिकचा पाया घातला. ही कंपनी आजही औषधं बनवते.

गज्जर १९२० मध्ये गेले. कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रशास्त्र आणि अभियांत्रिकी शाखा आहे. तिथलं शिक्षण आता इंग्रजीत चालतं.